पेटता दिवा आणि चालू एसी

गाडीत वारा नसतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. भर भाऊबंदकीत, दहा-पंधरा बायकांसमोर, आणि तेही माझ्या जेठानीला, म्हणजे थोरल्या जावेला. जेठानीला काही सांगायचं म्हणजे आधी पदर नीट करावा लागतो. शोभाबाई त्यांचं नाव. सुरतेतल्या पर्वत पाटियाला त्यांचं दोन मजली घर आहे, खाली साड्यांच्या घड्या घालून पॅकिंग करायचं काम चालतं आणि वर त्यांचा कारभार. त्या कुणावर ओरडत नाहीत. नुसत्या बघतात. त्यांनी बघितलं की माझ्या हातातून चमचा निसटतो, आणि हे मी लग्न होऊन सुरतेला आल्यापासून चालू आहे.

गोष्ट कानबाईची आहे. आम्ही खानदेशची माणसं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. तसं बघायला गेलं तर तो एक नारळ असतो, पण त्याला डोळे लागले, नथ आली, साडीचोळी झाली की मग त्याला नारळ म्हणायची कुणाची छाती होत नाही. त्या दिवशी रोटांचा स्वयंपाक होतो आणि सगळी भाऊबंदकी एका घरात जेवते. ते घर इतकी वर्षं शोभाबाईंचं. मी माझ्या घरून, डिंडोलीहून जायची, खिरीचं पातेलं ढवळायची, भांडी आवरायची आणि संध्याकाळी परत यायची. मला कानबाई माझ्या घरी हवी होती. यात लपवण्यासारखं काही नाही. माझ्या दारात चपलांचा ढीग पडावा, माझ्या मोरीत भांड्यांचा डोंगर व्हावा आणि मी कमरेला पदर खोचून लोकांना ‘अजून घ्या’ म्हणावं, एवढीच माझी हौस होती.

आखाडात सगळे जमले तेव्हा शोभाबाईंनीच विषय काढला. गुडघे धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मनाघाई आते दळन-कांडन व्हत नही. औंदा कानबाई उज्ज्वलाकडे जाई."

उज्ज्वला म्हणजे मी. माझ्या मनात एकदम लाडू फुटले. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"पन मना घरना दिवावर दिवा लाईसन, पेटताच लई जावा पडी. उघडा. काच-बीच लावानी नही. सासूबाईंनी माले तसाच दिया व्हता, मी पदरआड धरीसन चालत उनू. वाटमा इझना, तर माय मनाकडेच राही."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. पर्वत पाटिया ते डिंडोली, श्रावणाचा पाऊस, आणि हातात उघडा दिवा. पण माझ्याकडे उत्तर तयार होतं. आमच्या ललितने नुकतीच गाडी घेतली होती.

"पायी कसाले, बाई? गाडीमा लई जासू," मी म्हणाले. "काचा बंद करी ल्या का गाडीमा वारा कोठून येई?"

तर हे माझं वाक्य. आता पुढे ऐका.

ललित माझा एकुलता एक. एम्ब्रॉयडरीच्या मशीनसाठी कंप्युटरवर डिझाइन बनवतो. गाडी पांढरी आहे, आत निळा निळा उजेड पडतो आणि पुढे टीव्हीसारखा पडदा आहे. गाडी देताना शोरूममधल्या माणसाने सगळी बटणं एका दमात समजावून सांगितली होती. ललितने मान डोलावली आणि त्यातलं फक्त गाणी लावायचं लक्षात ठेवलं. सीटांवरचं प्लॅस्टिक मी काढू दिलं नव्हतं. पहिली कानबाई बसेल, मगच प्लॅस्टिक निघेल, असं मी बोलले होते. त्यामुळे गाडी येऊन पंधरवडा झाला तरी आम्ही त्या प्लॅस्टिकवर चरचर करत बसत होतो आणि उठताना घामाने चिकटत होतो.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं पर्वत पाटियाला पोचलो. तिसरे म्हणजे ललितचे पप्पा, सुकलाल. पांडेसऱ्याला लूमच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बंद पडलेले माग ठीक करतात. त्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलतात. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित शेजारच्या सोसायटीत ऐकू जातं.

शोभाबाईंनी सगळी तयारी करून ठेवली होती. टोपलीत गहू, गव्हावर कानबाई, डोक्यावर हिरवा खण. बाजूला दिव्यावर दिवा लावला आणि पितळेचं निरांजन माझ्या तळहातावर ठेवलं. आपल्या नवऱ्याला, म्हणजे जेठजींना, त्यांनी घरच्या दिव्याजवळ बसवलं आणि हुकूम सोडला, "तुम्ही आठेच बठा. पंखा लावाना नही." बिचारे जेठजी बनियनवर, घाम पुसत, दिव्यासमोर मांडी घालून बसले. मग शोभाबाईंनी कोपऱ्यातली लांब दांड्याची काळी छत्री उचलली.

"बाई, तुम्ही कोठे?" मी विचारलं.

"संगे येस. दिवा इझना का नही, ते कोन दखी?"

म्हणजे परीक्षक गाडीतच. मी मनातल्या मनात बोटं मोडली.

पाऊस भुरभुरत होता. कानबाईला पुढच्या सीटवर मानाने बसवलं. मागे एका खिडकीशी शोभाबाई, दुसऱ्या खिडकीशी ललितचे पप्पा आणि मधे मी, दोन्ही हातांत निरांजन. दारं लागली. काचा बंद. ज्योत अशी सरळ उभी राहिली की मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. मी शोभाबाईंकडे एक नजर टाकली. दखा म्हटलं.

ललितने बटण दाबून गाडी चालू केली.

सूंऽऽ करून वारा सुटला. समोरून, बाजूने, खालून, कुठून कुठून. येताना उकडत होतं म्हणून याने एसी फुल्ल केला होता आणि तसाच बंद केला होता. ज्योत आडवी झाली, तिचा नुसता निळा ठिपका उरला. मी किंचाळले, ललितचे पप्पा किंचाळले, शोभाबाईंनी पदर पसरला आणि ललितने घाबरून पडद्यावर दिसेल ते दाबलं. आधी गाणी सुरू झाली. मग निळ्या उजेडाचा गुलाबी झाला. मग एकदाचा पंखा थांबला. ज्योत हळूहळू उठून बसली.

"गाडीमा वारा नही ऱ्हास ना?" शोभाबाई म्हणाल्या. फक्त एवढंच.

गाडी हलली तशी टिंग टिंग टिंग वाजायला लागलं.

"हाई काय वाजी राह्यनं?" ललितचे पप्पा ओरडले.

"सीटबेल्ट, पप्पा. गाडीला वाटतंय पुढे माणूस बसलाय."

"मानूस नही, माय बठेल से," शोभाबाई म्हणाल्या. "गाडीले बी समजनं."

टिंग टिंग काही थांबेना. शेवटी ललितने गाडी बाजूला घेतली, टोपलीवरून पट्टा ओढला आणि खटकन लावला. कानबाई पट्टा लावून रुबाबात बसली. मला हसू येत होतं, पण शोभाबाई शेजारी आणि दिवा हातात, म्हणून मी गाल आतून चावून धरले.

पर्वत पाटियाच्या चौकात पोचेपर्यंत काचा धुकटल्या. चार माणसांचे श्वास, एक दिवा, बाहेर पाऊस आणि आत बंद हवा. ललितला पुढचं काही दिसेना. तो रुमालाने काच पुसायचा, दोन रिक्षा दिसायच्या आणि परत पांढरं.

"मम्मी, पंखा लावावा लागेल."

"खबरदार!"

"मग काच थोडी खाली करतो. बोटभर."

त्याने बटण बोटभर दाबलं, पण ते बटण एकदा दाबलं की काच पूर्ण खाली नेणारं निघालं. नेमकी शेजारून सिटी बस गेली. वारा, पाऊस आणि बसमधल्या कुणाची तरी गुटख्याची पिचकारी असं सगळं ललितच्या अंगावर आलं. मी दिवा पोटाशी धरून वाकले. काच वर गेली. ज्योत वाचली. ललितचा शर्ट नाही वाचला.

"वरचं झाकण थोडं तिरकं उचललं जातं," तो शर्ट झटकत म्हणाला. "सनरूफ. त्या माणसाने दाखवलं होतं. हवा बाहेर जाते, वारा आत येत नाही."

ऐकायला बरं वाटलं. मी हो म्हणाले. त्याने डोक्यावरचं बटण दाबलं आणि छत तिरकं व्हायच्या ऐवजी सरकायला लागलं. सरकत सरकत पूर्ण उघडलं. माझ्या डोक्यावर मोकळं आभाळ आणि त्यातून पाऊस.

"छत्री!" ललितचे पप्पा गरजले. आणि शोभाबाईंची ती लांब काळी छत्री त्यांनी गाडीत उघडली.

गाडीत छत्री उघडली की काय होतं, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. तिची एक काडी ललितच्या कानात गेली, दुसरी शोभाबाईंच्या अंबाड्यात. ललितच्या पप्पांनी ती कशीबशी उभी करून वरच्या भोकातून बाहेर काढली. मग आम्ही भर चौकात सिग्नलला उभे. खाली पांढरी झकपक गाडी, वर काळी छत्री. शेजारच्या रिक्षावाल्याने बाहेर डोकं काढलं.

"ओ काका, नवी गाडी छत्री साथे आवे छे के अलग लेवानी?"

"बटन सापडत नही!" ललितचे पप्पा त्याला ओरडून म्हणाले, जसं काही तो शोधून देणार होता.

बटण सापडलं. छत्री आत आली, छत बंद झालं. छत्री आत घेताना तिच्यातलं सगळं पाणी ललितच्या पप्पांच्या टकलावर ओतलं गेलं. मी दिव्यावर ओणवी होऊन बसले होते, पाठ भिजली होती, पण ज्योत जिवंत होती. मला इतका आनंद झाला की मी त्या दिव्याला मोठ्याने ‘शाब्बास रे राजा’ म्हणाले. शोभाबाईंनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मात्र मी निरांजन निसटू दिलं नाही.

गोडादराच्या रस्त्याला लागलो आणि गाडीने स्वतःच्या मनाचं करायला सुरुवात केली. पडद्यावर काहीतरी इंग्रजी अक्षरं आली आणि पंखा आपोआप घोंघावायला लागला.

"ललित!"

"मी नाही केलं! आईशप्पथ! काच धुकटली की ही स्वतःच पंखा लावते!"

"कोनी लावा मंग?" शोभाबाईंचा आवाज बारीक झाला. त्यांनी पुढे बसलेल्या कानबाईकडे बघितलं.

पुढचा वारा काचेवर जात होता, तो चालला असता. पण माझ्या गुडघ्यांसमोर, दोन सीटांच्या मधे, दोन जाळ्या होत्या. मी त्यांना आजवर स्पीकर समजत होते. त्या स्पीकरांतून थंडगार वारा सरळ माझ्या हातांवर यायला लागला. ललितचे पप्पा खाली वाकले आणि दोन्ही जाळ्यांवर दोन तळवे दाबून बसले.

"असाच बठसू डिंडोलीलगून!" ते ओरडले.

"पप्पा, त्याला बाजूला चाक आहे. फिरवा."

चाक फिरवलं, जाळ्या बंद झाल्या. पुढची काच एव्हाना स्वच्छ झाली होती आणि डाव्या बाजूला साड्यांची गोदामं दिसत होती. पण मधूनच एखादी झुळूक येऊन ज्योतीला चापट मारून जायची. ललितचे पप्पा आता चांगले गरम झाले होते. माणूस मागांची हाडं जोडणारा. गाडीच्या बटणांपुढे हार मानणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. ते दोन सीटांच्या मधून पुढे झुकले.

"हाई दख, ललित. हाई सीटनं चित्र से. आन खाल वारा दखाडेल से. म्हंजे वारा सीटमा जाई, वर येवाना नही."

"पप्पा, ते काय आहे मला माहीत—"

त्यांनी बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. जेवढं जास्त तेवढं चांगलं या हिशोबाने.

आणि खरंच, सगळं शांत झालं. ज्योत परत ताठ उभी राहिली. ललितने वायपर हळू केले. गाडी गुळगुळीत पळत होती, पाऊस थांबत आला होता, डिंडोलीचा पूल ओलांडला आणि माझ्या ओळखीची दुकानं दिसायला लागली. तो गिरणीवाला, तो नाश्त्याचा लारीवाला. आमच्या सोसायटीच्या गेटात आमची शेजारीण कुसुम आरतीचं ताट घेऊन उभी होती, तिच्यामागे सगळ्या बायका. मला वाटलं, झालं. आली माझ्या घरी. मी चक्क गुणगुणायला लागले.

तेवढ्यात पुढून चर्रर्र असा आवाज आला.

कानबाईची टोपली हलत होती. आधी डावीकडे झुकली, मग उजवीकडे. मग तिचा पुढचा भाग हळूच वर उचलला गेला. नथ डोलत होती. खण थरथरत होता.

शोभाबाईंनी हात जोडले. "माय घुमी राह्यनी," त्या कुजबुजल्या. "ललित, गाडी थांबाड. मायना मनमा काय से?"

मला वाटलं, हिला यायचं नाही माझ्याकडे. ललितने गेटाच्या अलीकडेच गाडी थांबवली. कानबाई पट्ट्याच्या आत डोलतच होती, आणि आता ती चांगली वीतभर उंच झाल्यासारखी दिसत होती.

ललितचे पप्पा पुन्हा पुढे झुकले. त्यांनी टोपली सावरायला हात घातला आणि सीटवरच्या प्लॅस्टिकची एक कड उचलली गेली.

त्या सीटमधून वारा येतो. सीटला बारीक भोकं असतात, बसणाऱ्याची पाठ गार राहावी म्हणून. ते बटण त्याचंच होतं; पुढचा पंखा तर काच स्वच्छ झाल्यावर गाडीने आपणहूनच थांबवला होता. एवढा वेळ तो वारा प्लॅस्टिकखाली भरत राहिला होता आणि माझ्या नवसाचं प्लॅस्टिक पुरीसारखं फुगलं होतं. आता कड उचलल्याबरोबर तो सगळा एकदम बाहेर पडला. जो आवाज झाला तो असा होता, की चारचौघांत एखाद्याच्या हातून झाला तर त्याने त्या गल्लीतून पुन्हा जाऊ नये. लांबच लांब. शेवटी शेवटी थोडा वळणदार.

मग ललितचे पप्पा, आपल्या त्या लूमच्या आवाजात, गेटातल्या बायकांनाही ऐकू जाईल असे ओरडले, "मी नही!"

शोभाबाई हसल्या.

मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं असं नाही. ओठ मिटून, मान हलवून त्या हसत. हे तसं नव्हतं. हे आतून फुटलं. त्यांनी दाबून धरायला गाल फुगवले, डोळे मोठे झाले आणि फुर्रर्रकन् सगळं बाहेर आलं. त्या माझ्या बाजूला वळलेल्या होत्या. माझ्या हातात निरांजन होतं.

दिवा विझला.

एसीने विझला नाही, बसच्या वाऱ्याने विझला नाही, उघड्या छताखाली पावसात विझला नाही. शोभाबाईंच्या हसण्याने विझला. वातीतून धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि आम्ही चौघं तिच्याकडे बघत बसलो.

कुसुमने बाहेरून काचेवर टकटक केली. "आली का माय? उतरा ना!"

ललित मागे वळला. हळू आवाजात म्हणाला, "मम्मी, पुढच्या कप्प्यात माचिस आहे. अगरबत्तीसाठी ठेवलेली. कोणी बघितलं नाही."

ललितचे पप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणजे तू काय करायचं ते कर, मी काही बघितलं नाही. शोभाबाई पदराने डोळे पुसत होत्या, हसण्याचं पाणी अजून थांबलं नव्हतं.

मी काही फार सत्यवादी बाई नाही. भाजीवालीशी खोटं बोलते, माहेरी खोटं बोलते, सोसायटीच्या मिटिंगला डोकं दुखतं म्हणते. पण परक्या काडीने दिवा पेटवून आणलेली कानबाई वर्षभर कोनाड्यात बसून माझ्याकडे बघत राहिली असती, आणि बघण्याच्या बाबतीत एक शोभाबाई मला पुरे होत्या.

"नको," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कसनुसा वाटला. "बाईंसनी अट से. इझना तर इझना."

शोभाबाईंनी पदर खाली घेतला. "ललित, गाडी फिराव."

गाडी फिरली. काचेतून कुसुम आरतीचं ताट हातात घेऊन बघत राहिली.

परतीच्या वाटेवर ललितने एसी लावला. आता विझायला काही उरलंच नव्हतं. सगळ्या जाळ्या उघडल्या, काच लख्ख झाली, गाडीत इतका छान गारवा पसरला की माझी भिजलेली पाठ सुकली. कुठून तरी मंद वास येत होता. निळा उजेड होता. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच सगळी बटणं जशी चालायला हवीत तशी चालत होती, आणि मी हातात विझलेलं निरांजन धरून रडत होते. इतक्या आरामात मी आयुष्यात कधी रडले नव्हते. मला माझ्या घरात ती गर्दी हवी होती. मी पिठाच्या गिरणीत नंबर लावला होता, मोठं पातेलं मागून आणलं होतं. ते आता परत द्यायचं होतं.

"ती जाळी जराशी मनाकडे कर," शोभाबाई ललितच्या पप्पांना म्हणाल्या. "चांगला वारा से."

मला त्यांचा इतका राग आला की रडू थांबलं. स्वतः विझवलं आणि वर वारा खातात. मी पूर्ण रस्ता त्यांच्याकडे पाठ करून बसले.

पर्वत पाटियाला त्यांच्या दारात गाडी उभी राहिली. शोभाबाई माझ्या हातातलं निरांजन घेऊन उतरल्या आणि कठडा धरत, एकेक पायरी करत वर गेल्या. मी पुढच्या सीटजवळ गेले आणि कानबाईचा पट्टा सोडला. टोपली उचलून वर न्यायला लागणार होती.

वरच्या गॅलरीत जेठजी आले, बनियन घामाने चिकटलेलं. "आते तरी पंखा लावू का वं?" त्यांनी घरात वळून विचारलं.

"नही!" आतून आवाज आला.

मग जिन्यात उजेड दिसला. शोभाबाई उतरत होत्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात निरांजन, दातांत धरलेला पदर त्यावर आडोशाला. ज्योत पेटलेली होती. खाली येऊन त्यांनी माझ्या हातातल्या सुटलेल्या पट्ट्याकडे बघितलं.

"मायना पट्टा कसाले सोडा? लाव परत."

"बाई, पन अट..."

"इझाडा तो मी. मना तोंडना वारा. तुनं काय चुकनं?" त्या गुडघा धरून गाडीत चढायला लागल्या. "आन अट मनी से. पेटता पोचाले पाहिजे, इतलंच सांगेल व्हतं. कितला फेरा मारीसन, ते कोनी सांगं? सरक तिकडे. आते मी मझार बठस."

या खेपेला दिवा त्यांच्या हातात, मधे त्या, आणि खिडकीशी मी. त्यांनी पहिला हुकूम ललितच्या पप्पांना दिला. "सुकलाल, हात मांडीखाल दाबी ले. एक बी बटन दाबानं नही." ललितचे पप्पा शाळेतल्या पोरासारखे हातांवर बसले. ललितने गाडीचा तो आपोआपचा पंखा कुठून बंद होतो ते शोधून काढलं आणि मग काच पुसायला गळ्यात टॉवेल अडकवून घेतला. गाडी इतकी हळू चालली होती की मागून सगळे हॉर्न देत होते. आत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं, प्लॅस्टिक मांड्यांना चिकटत होतं, घाम नाकावरून टपकत होता. शोभाबाई ओठ घट्ट मिटून ज्योतीकडे बघत होत्या. मधेच कानबाईखाली राहिलेली थोडी हवा फुसकन सुटली. मला हसू आवरेना.

"उज्ज्वला, हासू नको," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

म्हणून तर मला आणखीच हसू आलं. मी तोंडात पदर कोंबून काचेला नाक लावलं आणि डिंडोलीपर्यंत तशीच थरथरत गेले.

गेटात बायका अजून होत्या. कुसुमने आरती ओवाळली. मी टोपली डोक्यावर घेतली, पायऱ्या चढले आणि उंबरा ओलांडून कानबाई माझ्या घरात आणली. पाट मांडलेलाच होता. टोपली ठेवून मागे वळले, तर बाकी सगळे आत आलेले, आणि शोभाबाई बाहेर. दिवा हातात धरून उंबऱ्यापलीकडे उभ्या.

"या ना, बाई," मी म्हणाले.

त्या हलल्या नाहीत. ही बाई इतक्या वर्षांत माझ्या घरी कधी विचारून आली नव्हती. सरळ स्वयंपाकघरात जायची आणि डबे उघडून बघायची.

"असं नही," त्या म्हणाल्या. "कानबाई जिना घर बठस, ती भाऊबंदले बोलावस. इतला साल मी बोलावं. आते तू बोलाव."

हे शब्द मी कितीदा मनात म्हणून बघितले होते, भांडी घासताना, झोपताना, आणि आता एकही आठवेना. ललितच्या पप्पांनी खाकरून तोंड फिरवलं.

"लवकर बोलाव वं! तेल सांडी राह्यनं, हात भाजी राह्यना!"

"या बाई," मी म्हणाले. "मना घर कानबाई बठनी. रोट खावाले या."

शोभाबाई उजवा पाय पुढे टाकून आत आल्या. घरभर नजर फिरवली, पाट बघितला, कोनाडा बघितला, कशालाच हात लावला नाही. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "दिवा कोठे ठेवू?"